मदत हवी आहे: चिंगीचं वजन उतरवायचंय, पण घरातला लाड आवरत नाही

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबणार आहे, आधीच सांगते.

आमची चिंगी, पांढरीशुभ्र पॉमेरेनियन, सहा वर्षांची. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालेलं आहे. नावापुरतीच चिंगी उरलीय. परवा लसीसाठी दवाखान्यात नेली तर काट्यावर ८.६ किलो. डॉक्टरांनी बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नऊपैकी आठ." मला वाटलं छान मार्क मिळाले! तर ती गुणपत्रिका उलटी निघाली. चार-पाच म्हणजे उत्तम, नऊ म्हणजे कहर. साडेसहा किलोवर आणा, खाणं कमी करा, फिरवा, एवढं सांगून त्यांनी पुढचा नंबर घेतला. बाहेर रांग होती, त्यांचाही इलाज नव्हता.

घरी येऊन नेटवर बघितलं तर पॉमेरेनियनचं वजन तीन किलो! आता डॉक्टरांचं खरं मानू की नेटवरचं? तीन किलोची चिंगी मला डोळ्यांसमोरसुद्धा आणता येत नाही.

आता खरी अडचण. दोन्ही वेळचं जेवण मीच घालते आणि ते फार नसतं: थोडा भात, थोडं उकडलेलं चिकन, नाहीतर दुकानातलं कोरडं खाणं मूठभर. वजन वाढतंय ते मधल्या वेळात. सकाळी सहाला सासरे (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात) चहाला बसतात. चिंगी त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून बसते. अण्णा पेपर वाचता वाचता मारी मोडतात, अर्धी बशीत बुडवतात, बुडवलेला भाग स्वतः खातात आणि कोरडा तुकडा न बघता खाली सोडतात. तो जमिनीवर पडल्याचा आवाजसुद्धा कधी होत नाही. असं चार वाजेपर्यंत दोनदा होतं. सासूबाईंचा शिरस्ता वेगळा. पहिली पोळी तव्यावरून उतरली की अर्धी मुक्या जनावराची, वर साय. रात्री म्हशीचं दूध अर्धी वाटी, "त्याशिवाय तिला झोप येत नाही." गुरुवारी प्रसादाचा पेढा, कारण कुत्रं दत्ताचं. पौर्णिमेला सासूबाई नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जाऊन आल्या की तो गुरुवार चार दिवस चालतो.

मी बोलून बघितलं. अण्णा म्हणतात, "एवढ्याशा बिस्किटानं काय होतंय?" सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी पोळीला साय जरा जास्तच लागते. नवरा तटस्थ देश आहे.

शिवाय हल्ली फिरायला नेलं की पट्टा ओढला जाऊन ती खोकते, हंसासारखा चमत्कारिक आवाज येतो. धावताना मधेच मागचा एक पाय उचलून चार पावलं तीन पायांवर जाते आणि परत नीट चालते. हे वजनामुळेच का? आम्ही सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. उन्हाळ्यात आठनंतर रस्त्यावर पाय ठेववत नाही, आणि कॉलनीतली मोकाट कुत्री हिला बघितलं की धावून येतात. नक्की किती खायला द्यायचं, किती दिवसांत किती उतरायला हवं, आणि मुख्य म्हणजे घरातल्या ज्येष्ठांना न दुखावता हे कसं जमवायचं? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

शेपूटवाला

ताई, डॉक्टरांचं धरा. आपल्याकडे घरोघरी ज्याला पॉमेरेनियन म्हणतात ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. त्यातली लहान चणीची पाच ते सात किलोची असतात. नेटवरचे तीन किलो परदेशी पॉमेरेनियनचे. तुमच्या चिंगीला साडेसहा योग्यच वाटतात.

किती द्यायचं याचं सूत्र आहे आणि साध्या कॅलक्युलेटरवर निघतं. जे वजन गाठायचंय ते तीनदा लिहून एकमेकांशी गुणा, वर्गमूळ घ्या, परत वर्गमूळ घ्या, येईल त्याला सत्तरनं गुणा. ६.५ × ६.५ × ६.५ = २७४.६, वर्गमूळ १६.६, पुन्हा वर्गमूळ ४.०७, गुणिले ७० म्हणजे साधारण २८५ कॅलरी. दिवसाचं सगळं मिळून एवढंच. सुरुवात इथून करायची, मग काटा काय म्हणतो ते बघून थोडं इकडेतिकडे.

आता मधल्या वेळचं मोजा. एका मारीत साधारण २५ कॅलरी. दिवसाला चार धरल्या तर शंभर. साय लावलेली अर्धी पोळी, ऐंशीच्या आसपास. म्हशीचं दूध अर्धी वाटी, सत्तर. झाले अडीचशे! तुमचं भात-चिकन अजून ताटलीत पडलेलंच नाही. पेढा मी धरलेला नाही, देवाचं आहे म्हणून.

अण्णांना असं सांगून बघा: चिंगीच्या हिशेबात एक मारी म्हणजे आपल्या दोन हजार कॅलरीच्या हिशेबात जवळपास दोन पोळ्या. "एवढंसं बिस्किट" तिथेच संपतं.

रिकामटेकडा

सासूबाईंना दत्ताची तसबीर नीट बघायला सांगा. चारही कुत्री सडपातळ आहेत. एकाचंही पोट सुटलेलं नाही.

पशुसेवक

मी जनावरांचा डॉक्टर आहे, पण चिंगीला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

आधी खोकला आणि पाय. हंसासारखा आवाज काढत खोकणं हे लहान जातींत श्वासनलिका दबण्याचं लक्षण असू शकतं. गळ्याभोवती चरबी असेल तर ते वाढतं. गळ्यातला पट्टा आजच काढा आणि छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. तीन पायांवर पळणं बहुधा गुडघ्याची वाटी सरकण्याचं असतं, तेही लहान कुत्र्यांत नेहमीचं. वजन हे त्याचं कारण असेलच असं नाही, पण वजनानं दोन्ही बिघडतं. पुढच्या भेटीत मुद्दाम दाखवा. तोवर जिने उचलून न्या, सोफ्यावरून उड्या नकोत.

ऑपरेशननंतर शरीराची गरज बरीच घटते, वीस-तीस टक्क्यांपर्यंत, आणि भूक मात्र उलट वाढते. म्हणून पूर्वीएवढंच खाऊनही वजन चढतं. तरी सहा वर्षांच्या कुत्रीत थायरॉइड एकदा तपासून घेतलेलं बरं, विशेषतः ती सुस्त असेल, केस विरळ झाले असतील तर. पाणी फार पीत असेल, लघवी वाढली असेल आणि पोट लोंबत असेल तर तेही सांगा, त्याची तपासणी वेगळी असते.

वेगाबद्दल. आठवड्याला सध्याच्या वजनाच्या एक टक्का, फार तर दोन. चिंगीच्या बाबतीत ८५ ते १७० ग्रॅम. म्हणजे साडेसहावर यायला पाच-सहा महिने धरा. उपाशी ठेवून महिन्यात उतरवायचा प्रयत्न करू नका, चरबीबरोबर स्नायूही जातात. नेहमीचंच खाणं निम्मं करण्यातही तोटा आहे. कॅलरीबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात. वजन उतरवण्यासाठी मिळणाऱ्या खास खाण्यात प्रथिनं आणि तंतू जास्त असतात, पोट भरल्यासारखं वाटतं. महाग आहे, पण साडेसहा किलोच्या कुत्रीला लागतं किती! नसेल परवडत तर भात बराच कमी करा, चिकन बिनचरबीचं ठेवा, आणि घरचंच अन्न कायम चालवणार असाल तर कॅल्शियम वगैरेचं डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

कोरडं खाणं मुठीनं मोजू नका. तुमची मूठ आणि तुमच्या यजमानांची मूठ यांत तिचं अर्धं जेवण बसतं. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरा. पाकिटावर शंभर ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं, बहुतेकांत साडेतीनशे ते चारशे. म्हणजे नुसतं तेच दिलं तर दिवसाला साधारण ७० ते ८० ग्रॅम, दोन-तीन वेळांत वाटून.

एक अवांतर सूचना, स्पिट्झवाल्यांना हमखास द्यावी लागते म्हणून. उन्हाळा आहे म्हणून केस भादरू नका. वजन बघायचं तर डोळ्यांनी नाही, बोटांनी बघा. हाताची मूठ न वळता पालथा पंजा ठेवून त्यावर दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. बरगड्या तितक्याच सहज लागल्या पाहिजेत. आत्ता तळहातासारखं मऊ लागत असणार.

दोन_बीगल_एक_मी

हिशेब वरती आलाच आहे, मी घरातल्या राजकारणावर लिहितो. आमच्याकडे आईचा तसाच प्रकार होता.

"देऊ नका" म्हटलं की चोरून दिलं जातं, आणि चोरून दिलेलं मोजता येत नाही. त्यापेक्षा देण्याचं काम त्यांच्याचकडे द्या. सकाळी दिवसभराचं कोरडं खाणं मोजून एका छोट्या डब्यात भरायचं आणि तो डबा अण्णांजवळ ठेवायचा. चहाच्या वेळी एकेक दाणा सोडा म्हणावं, मारीऐवजी. कुत्र्याला तुकड्याच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं, किती वेळा मिळालं हे त्याला कळतं. अर्ध्या मारीच्या जागी पाच दाणे म्हणजे तिच्या लेखी पाचपट लाड. डबा रिकामा झाला की दुकान बंद, आणि ते बंद केलं अण्णांनी, सुनेनं नाही. हा भाग महत्त्वाचा आहे.

सासूबाईंची पोळी थांबवू नका, तो त्यांचा नेम आहे. पहिल्या पोळीतला बोटाच्या पेराएवढा तुकडा चिंगीला, साय न लावता, उरलेली गाईला किंवा कावळ्याला. नेम मोडत नाही. रात्री दुधाच्या वाटीत कोमट पाणी आणि त्यात चमचाभर चिकनचं पाणी, बिनमिठाचं, वरची चरबी काढून. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र चुकूनही नको, कुत्र्यांना तो विषारी असतो. मनुका, बेदाणे, द्राक्षंही तशीच. तुमच्या भागात घरोघरी बेदाणा असतो म्हणून मुद्दाम लिहितोय. तोंड चालू ठेवायला काकडी, उकडलेली फरसबी, गाजराचे काप, वाफवलेला लाल भोपळा चालतो. पण असं वरचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत.

फिरण्याचं म्हणाल तर वजन मुख्यतः ताटलीत उतरतं, रस्त्यावर नाही. तरी पहाटे दहा मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं, सावकाश. मोकाट कुत्र्यांचा त्रास असेल तर गच्चीवर. किंवा तेच मोजलेले दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवायचे आणि शोध म्हणायचं. आमची बीगल त्यात वीस मिनिटं गुंततात आणि नंतर घोरत पडतात.

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

हार्नेस आणला. खोकला पूर्ण गेलेला नाही पण ओढल्यावर येणारा तो आवाज कमी आहे. पायाचं आणि थायरॉइडचं पुढच्या आठवड्यात दाखवणार.

अण्णांना दोन पोळ्यांचा हिशेब सांगितला. ते जन्मभर एसटीच्या हिशेब खात्यात होते, त्यामुळे आधी त्यांनी मारीच्या पुड्यावरचे आकडे स्वतः तपासले. मग जुनी डायरी काढली, त्यात रेघा आखल्या: तारीख, वजन, दिलेले ग्रॅम, शेरा. दर रविवारी सकाळी जेवणाआधी दवाखान्याच्याच काट्यावर वजन करायचं असं त्यांनी ठरवलंय, कारण घरच्या काट्यावर तिला कडेवर घेऊन वजाबाकी केली तर दरवेळी वेगळं येतं आणि "असला हिशेब ऑडिटला चालत नाही." कालच्या शेऱ्यात लिहिलंय: "दुपारी सौ.कडून पोळी, साय लागलेली, अंदाजे पाव. संध्याकाळच्या डब्यातून ८ ग्रॅम वळते."

सासूबाईंनी तसबिरीचा मुद्दा ऐकला, देवघरात जाऊन बघून आल्या. म्हणाल्या, "ती रोज भिक्षेला हिंडतात, हिला कोण हिंडवतंय?" आता रात्री गच्चीवर त्याच नेतात. पेढ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पौर्णिमा जवळ आलीय. प्रसादाचा कण चालेल असं मी म्हटलंय, पण कण केवढा यावर अण्णा आणि त्यांचं एकमत होत नाहीये.

पशुसेवक

हरभऱ्याच्या डाळीएवढा. वहीत लिहून ठेवायला सांगा.