कलिंगपट्टणमचं वादळ माझ्या बनिमीपर्यंत कसं आलं?

मांजराकाठ
प्रश्न जुना आहे, पण डोक्यातून जाईना म्हणून इथं टाकतोय.

सप्टेंबर २०२१. उत्तरा संपून हस्त लागत होतं. धनेगावच्या मांजरा धरणाच्या खालच्या अंगाला आमचं चार एकर सोयाबीन. दोन एकराची बनीम (काढलेल्या पिकाची गंजी) घातलेली, वर ताडपत्री, कडेनं दगड. बाकीचं काढून वावरातच आडवं. २६ तारखेला संध्याकाळी गुलाब चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सांगितलं, वादळ ओसरलं. आम्ही निवांत झालो. त्या रात्री पाऊस लागला तो थांबेचना. २८ ला मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडले. नदी वावरात शिरली. बनीम ताडपत्रीसकट गेली, आडव्या मालाला शेंगेतच कोंब फुटले. वारा म्हणाल तर बाभळीची फांदीसुद्धा मोडली नव्हती.

कलिंगपट्टणमचा समुद्र आमच्यापासून साडेआठशे किलोमीटर. ओसरलेल्या वादळात एवढं पाणी आलं कुठून? आणि जुलै-ऑगस्टात, भर पावसाळ्यात, अशी वादळं कामून होत नाहीत?

भूगोलाचा मास्तर, परभणी
दुसरा प्रश्न आधी घेतो.

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, पंधरा-सोळा किलोमीटरवर उत्तर-दक्षिणेला पांगते आणि ३० अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा कोरडी. सहाराचं वाळवंट त्याच पट्ट्यात आहे. जमिनीलगत ती विषुववृत्ताकडे परत वाहते, ते व्यापारी वारे. जॉर्ज हॅडलीनं १७३५ साली या वाऱ्यांचं कोडं पृथ्वीच्या फिरण्याशी जोडून सोडवलं. दोन्हीकडचे वारे जिथं भेटतात तो पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकतो आणि पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर येऊन बसतो. त्याचं पूर्वेचं टोक बंगालच्या उपसागरात, आणि पावसाळ्यातली कमी दाबाची क्षेत्रं बहुतेक तिथलीच.

वादळाला लागणारं सगळं तिथं हजर असतं: साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून गरम पाणी, दमट हवा, पृथ्वीच्या फिरण्यानं वाऱ्याला मिळणारा पीळ. (हा पीळ विषुववृत्तावर शून्य, म्हणून त्याच्या पाच अंशांच्या आत वादळं जवळजवळ होतच नाहीत.) तरी जुलैत वादळ सहसा उभं राहत नाही, कारण खाली पश्चिमेचा जोरदार वारा आणि चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर त्याहूनही जोरदार पूर्वेचा. बनिमीचं बूड एकीकडं आणि शेंडा दुसरीकडं ओढला तर ती राहील का? मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ही ओढाताण कमी असते. सप्टेंबरातलं गुलाब म्हणून विरळाच.

सीमेवरचा, धर्माबाद
दादा, आमच्याकडं तेलंगणाच्या बाजूनं २७ लाच आभाळ फाटलं होतं. त्या दिवशी तुमची ओळख असती तर दुपारीच फोन केला असता. एवढंच लिहायचं होतं.

भूगोलाचा मास्तर, परभणी
आता पाण्याचं. चक्रीवादळ हे नाव वाऱ्यावरून ठरतं. ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेलं तर चक्रीवादळ, ३१ ते ४९ मध्ये असेल तर नुसतं डिप्रेशन. जमिनीवर आलं की समुद्राचं बाष्प तुटतं, झाडाडोंगरांना घासून वारा पडतो, म्हणून ‘ओसरलं’ म्हणतात. पावसाचा त्या शब्दाशी संबंध नाही. भोवरा वर फिरतच राहतो, आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट. म्हणजे त्याच्या दक्षिण अंगाला वारा पश्चिमेकडून येतो, अरबी समुद्राचं बाष्प ओढत. बंगालच्या उपसागरातलं वादळ तुमच्यावर दोन समुद्रांचं पाणी ओतून गेलं.

रस्ता बघायचा तर नकाशावर पट्टी ठेवा. कलिंगपट्टणम आणि लातूर जवळपास एकाच अक्षांशावर, साधारण १८.४ अंश उत्तर. वरच्या पूर्वेच्या वाऱ्यांनी ते आडवं पश्चिमेला आणलं. पुढं अरबी समुद्रावर त्याला पुन्हा गरम पाणी मिळालं, त्याचंच शाहीन नावाचं चक्रीवादळ झालं आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानला धडकलं. तुमच्या वावरावरून गेलं तेव्हा ते जिवंत होतं.

मांजराकाठ
सर, पोरीच्या शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली. आई शेजारी बसून बघत होती. तिनं बोट कलिंगपट्टणमवर ठेवलं आणि सरळ आमच्यापर्यंत ओढत आणलं. चार वेळा ओढलं.

यंदा बनीम नदीकडच्या वावरात घालणार नाही, वरच्या माळावर घालतोय. बैलगाडीच्या दोन खेपा जास्त पडतील, पडू द्या.

धर्माबादचे दादा, नंबर मेसेजमध्ये पाठवलाय. तिकडं लागला की फोन करा. कितीही रात्र असू द्या.