मदत हवी आहे: बारुदाच्या शिंगाचा पट्टा सारखा निसटतोय

आशेवाडी_फाटा
नमस्कार मंडळी. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमचं मंडळ नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या वेढ्याचा देखावा करतंय. मी बंदूकवाला. बंदुकीची दारू ठेवायचं शिंग तयार आहे, पण ते गळ्यात अडकवायचा पट्टा काही केल्या टिकत नाही. काल तालमीहून रामकुंडाकडे उतरताना भर पायऱ्यांवर शिंग खाली पडलं. पट्टा त्या काळचा वाटला पाहिजे, नायलॉनची दोरी नको. कसा बांधायचा? मिरवणूक रविवारी आहे, जाणकारांनी लवकर सांगावं.

गोदाकाठचा
निसटतो कुठून? निमुळत्या टोकाकडून की बुडाकडून? फोटो टाका.

निफाडकर
शिंग आधी काचेच्या तुकड्याने खरवडून घ्या, मग पाणकागद मारा. शेवटी सुती फडक्यावर खोबरेल तेल घेऊन अर्धा तास चोळायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांची शिंगं साफ करायचो तेव्हा वडील हेच करायला लावायचे. आरशासारखं होतं.

आशेवाडी_फाटा
काका, चकाकी आहे. पट्ट्याचं विचारलंय.

जुनी_शस्त्रे
दोन गोष्टी सांगा. एक, शिंग मुख्य दारूचं आहे की रंजकीचं? तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या बंदुकीला दोन्ही लागतात. नळीत भरायची दारू मोठ्या पात्रात, आणि कानावर, म्हणजे नळीच्या बाजूच्या वाटीत टाकायची बारीक रंजक छोट्या रंजकदानात. दोन्ही अडकवायची तऱ्हा वेगळी. दुसरं, शिंग कशाचं? सांबराचं किंवा काळविटाचं असेल तर पट्टा राहू द्या, आधी ते मिरवणुकीत आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.

आशेवाडी_फाटा
म्हशीचं आहे हो, सरळ म्हशीचं. मोठं, सव्वा फूट. त्यात काहीही भरायचं नाहीये. बंदूकही लाकडी आहे, म्हणजे परवान्याचा प्रश्नही कोणी काढू नका.

गोदाकाठचा
निसटतो कुठून ते अजून सांगितलं नाहीत.

आशेवाडी_फाटा
बुडाकडून. बुडाला सागवानी फळी बसवलीय. तिच्यात पडद्याच्या स्प्रिंगला असतो तो हूक फिरवून घातला होता, तो आट्यांसकट उपटून आला. टोकाकडे सध्या नुसती गाठ मारलीय. तिथे ड्रिलने आरपार भोक पाडून चामड्याची वादी ओवणार आहे.

आरी_आणि_रांपी
थांबा! टोकाला भोक पाडू नका. मी वीस वर्षं चामड्याचं काम करतोय, शिंगाच्या मुठीही बसवल्यात. शिंग म्हणजे आपल्या नखासारखंच, त्याला रेषा असतात. भोकावर झटका बसला की चीर त्या रेषेने पुढे पळते, मग कशानेही सांधत नाही. टोकापासून चार बोटं मागे कानशीने गोल खाच पाडा, पेन्सिल बसेल एवढी रुंद. त्यात वादीचा फास आवळा. अमेरिकेत 1750 च्या सुमाराची शिंगं पाहा, मानेवर असाच कंगोरा आणि खाच कोरलेली असते. बुडाच्या फळीला लोखंडी कोयंडा किंवा लाकडी बोंड. पट्टा चामड्याचा. विषय संपला.

मीरा_येवला
विषय संपला कसा? रामशेज 1682 चं, नाशिकजवळचं, आणि पट्टा अमेरिकेचा? तिथली शिंगं फिकट असायची, खरवडून इतकी पातळ करायचे की आत दारू किती उरली ते उजेडात धरून कळायचं. म्हशीचं शिंग काळं आणि जाड, त्याची घडणच वेगळी. आपल्याकडच्या जुन्या बारूददानांना बहुतेक धातूच्या कड्या दिसतात. दोन कड्या, त्यात दोरी. दादा, तुम्ही पटवेकऱ्याकडे जा आणि सुती गोफ विणून घ्या, दोन्ही टोकांना गोंडे. आमच्या आजोळी माग होते, तुटलेल्या सुताचे गोफ आजी हातावर वळायची. आठ पदरी गोफाला मोठा माणूस लोंबकळला तरी तुटायचा नाही.

आरी_आणि_रांपी
ताई, गोफ खांद्यावर काचतो. चालणाऱ्या माणसाला रुंद पट्टा लागतो. आणि आपल्याकडे चामडं नव्हतं का? ढालीच्या आतल्या गाद्या, तलवारीची म्यानं, काडतुसं ठेवायची तोसदानं कशाची होती?

मीरा_येवला
चामडं नव्हतं असं मी म्हटलेलंच नाही. गोऱ्यांचा नमुना उचलून त्याला मराठ्यांचा म्हणू नका, एवढंच म्हणणं आहे. लहान मुलं देखावा बघतात आणि तेच खरं धरून चालतात.

निफाडकर
अवांतर: रामशेजवर तोफा नव्हत्या. गडकऱ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडं चढवलं होतं, हे खाफीखानाने लिहून ठेवलंय. मोगलांकडच्या माणसाने लिहिलंय हे विशेष. देखाव्यात ती तोफ जरूर ठेवा.

पेठरोडवरून
अवांतरात भर: मोगल सरदार शहाबुद्दीनखानाने वेढा घातला, पण गड त्याला मिळाला नाही. त्याच्यानंतर बहादूरखान आला, त्यालाही हात हलवत परत जावं लागलं. गड काही फार उंच नाही, आशेवाडीतून चढताना लगेच लक्षात येतं. म्हणूनच गड लढवणाऱ्या त्या माणसांचं जास्त कौतुक वाटतं.

आशेवाडी_फाटा
तोफ आहे. कातडंही चढवलंय. मंडळी, पट्टा!!

जुनी_शस्त्रे
ताईंचं कड्यांबद्दलचं बरोबर आहे. जुन्या शस्त्रांच्या दालनात कुठेही बारूददान पाहा, कड्या टिकलेल्या असतात आणि दोऱ्या गेलेल्या. सूत आणि चामडं इतकी वर्षं सहसा राहत नाही. म्हणून एकच वस्तू खरी असं छातीठोक सांगू नये. कमरपट्ट्याला लटकवण्याची पद्धतही भरपूर होती. साध्या शिपायाच्या अंगावर गोफही शोभेल आणि वादीही. रेशमी गोंडे मात्र नकोत.

आता मूळ प्रश्न. फळी बसवलीय कशाने? एम-सील, अरल्डाइट की खिळे?

आशेवाडी_फाटा
सहा पितळी खिळे, आणि फटीत मेण. आता हे का विचारताय?

जुनी_शस्त्रे
कारण खिळे आणि मेण असेल तर फळी निघते, आणि ती निघाली तरच काम पक्कं होईल. हूक उपटला कारण त्याच्या आट्या लाकडात जेमतेम अर्धा इंच गेल्या होत्या आणि झटक्यांचा सगळा ताण त्यांच्यावरच येत होता. तिथे कोयंडा हवा, दाराच्या कडीला असतो तसाच, फक्त लहान. पितळी तार वाकवून करा. दोन्ही पाय फळीतून आरपार काढायचे आणि आतल्या अंगाला विरुद्ध दिशांना वाकवून ठोकायचे. मग तो लाकूड फुटल्याशिवाय निघणार नाही. हे फळी बाहेर असतानाच जमतं.

फळी काढताना पकडीने खिळे ओढा. मेण घट्ट असेल तर बुडाकडचा भाग पाच मिनिटं गरम पाण्यात धरा. मेण सुटेल, शिंगही जरा सैल पडेल. फळी परत बसवताना आधी होती तशीच बसवा. म्हशीच्या शिंगाचं बूड गोल नसतं, चपटं असतं. फळी फिरली तर फट राहील.

टोकाकडे खाच पाडायची गरज नाही. तांबट लेनमध्ये पितळेचं कडं करून घ्या, वर छोटी कडी झाळलेली. ते टोकाकडून घालून मागे सरकवायचं, अडेल तिथे थांबवायचं. पट्टा दोन्ही टोकांना शिंगाच्या मधल्या बाजूला ओढतो, म्हणजे तुमचा ताण कड्याला जाड भागाकडेच नेणार. चालाल तसं ते आणखी घट्ट बसेल. भोक नाही, चीर नाही.

आरी_आणि_रांपी
हे पटलं. कड्याच्या आत चामड्याची पातळ पट्टी चिकटवा, म्हणजे ते शिंगावर वाजणार नाही. पट्टा खांद्यावर दोन बोटं रुंद चामड्याचा, आणि दोन्ही बाजूंना कडीपर्यंत गोफ. चालेल का ताई?

मीरा_येवला
चालेल. सूत पांढरंशुभ्र नको. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा.

गोदाकाठचा
शिंगाचा आतला बाक पोटाकडे येऊ द्या. उलटं लटकवलंत तर टोक शेजाऱ्याच्या बरगडीत जाईल.

आशेवाडी_फाटा (शनिवार)
फळी निघाली. गरम पाण्याची गरजच पडली नाही. कोयंडा आठ गेजच्या पितळी तारेचा केला, आत पाय वाकवताना एक खिळा हरवला, तिथे बांबूची खुंटी ठोकली. तांबटकाकांनी कडं समोर बसवून दिलं. पहिल्यांदा मोठं झालं होतं, ते कापून परत झाळलं. गोफ पटवेकऱ्यांकडून आणला, चहातून काढलाय, अजून ओला आहे. तसंच शिंग गळ्यात घालून पंचवटीपासून रविवार कारंजापर्यंत भराभर चालून आलो. कडं दोन सूत, म्हणजे पाव इंच मागे सरकलं आणि तिथेच बसलं.

काल चिडून लिहिलं त्याबद्दल निफाडकर काकांनी राग मानू नये. खोबरेल तेलही चोळलंय.

निफाडकर
राग कसला. उद्या किती वाजता निघणार, आणि कुठून?