जुना सर्व्हर आजच काढू नका

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतले (ऑफिसमधली युझर खाती आणि कॉम्प्युटर सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) पाचही एफएसएमओ रोल, म्हणजे एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणारी खास कामं, नव्या सर्व्हरवर गेलेत, आता विंडोज सर्व्हर २००८ आर२चं जुनं मशीन लगेच काढू का, असं विचारलंय तुम्ही. माझं ऐका, आठवडाभर थांबा. आधी 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' चालवून पाचही रोलपुढे नव्या सर्व्हरचंच नाव येतंय ना, ते स्वतः बघा. मग जुना नुसता बंद ठेवा, डिमोट करू नका, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचं काम त्याच्याकडून काढून घेऊ नका.

आम्ही असं केलं, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी अकाउंट्सचा प्रिंटर स्कॅन पाठवेना. त्यात डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून जुना आयपी कुणीतरी हाताने टाकून ठेवला होता. डीएचसीपीतला (मशीनना या सेटिंग आपोआप देणारी सेवा) पत्ता सगळेच बदलतात. प्रिंटर, हजेरीचं मशीन, डीव्हीआर मात्र हमखास राहून जातात.

त्या पाचांपैकी पीडीसी एम्युलेटर, म्हणजे सगळ्या मशीनना वेळ पुरवणारा रोल, हलला की वेळेचा सोर्सही नव्याने लावा. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस, म्हणजे लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासणारी यंत्रणा, लॉगिन नाकारतं.

सगळं सुरळीत चाललं की जुना परत चालू करा, रेप्लिकेशन (दोन्ही सर्व्हरमधल्या नोंदी जुळणं) होऊ द्या आणि मगच रीतसर डिमोट करा. थेट फॉरमॅट मारलात तर त्याच्या नोंदी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत तशाच अडकून राहतील आणि त्या हाताने साफ करत बसावं लागेल.