आवाजावरची ओळख कोर्टात चालते

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की अंध बाईवर अत्याचार झाला तर ती आरोपीला ओळखणार कशी, केस टिकतच नाही, मग तिची फरफट कशाला. फरफट होते हे मान्य. पण केस टिकत नाही हे साफ चूक. पाटन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार, सुप्रीम कोर्ट, एप्रिल २०२१. पीडित मुलगी जन्मांध, दलित; आरोपीचं घरी येणंजाणं. तिने त्याला आवाजावरून ओळखलं, कोर्टाने ते ग्राह्य धरलं आणि बलात्काराची जन्मठेप कायम केली. अपंग आहे एवढ्यावरून कुणाची साक्ष दुय्यम ठरत नाही, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. (अ‍ॅट्रॉसिटीखालची शिक्षा मात्र रद्द झाली. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

आणखी एक, जे इथे कुणीच लिहिलं नाही. लैंगिक गुन्ह्यात पीडित व्यक्ती अपंग असेल तर तिने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायची गरज नाही. घरी किंवा तिला सोयीच्या जागी येऊन, दुभाषा किंवा विशेष शिक्षक समोर ठेवून तक्रार लिहून घ्यायची आणि व्हिडिओ काढायचा, ही पोलिसांची जबाबदारी २०१३ पासून कायद्यात आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, ती कलम १७३ मध्ये कायम आहे. ठाणे अंमलदार 'उद्या या, दुभाषा नाही' म्हणाला तर हे कलम त्याच्यासमोर ठेवा. केस ढिली पडू शकते ती इथेच, पहिल्या जबाबात.