प्रतिसाद: ‘क्युऑन’ ही नुसती शिवी नव्हती

‘प्राचीन ग्रीकांना कुत्रा म्हणजे फक्त शिवी’ हे वरच्या प्रतिसादातलं मत मला पटत नाही. ‘क्युऑन’ हा कुत्र्यासाठीचा ग्रीक शब्द (आपल्या संस्कृत ‘श्वन्’चा सख्खा भाऊबंद) शिवी म्हणून येतो तेव्हा रोख बहुतेकदा निर्लज्जपणावर असतो. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात योद्धा अकिलीस भर सभेत ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉनला सुनावतो, की तुझे डोळे कुत्र्याचे आणि काळीज हरणाचं. जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध पेटलं ती हेलन तर स्वतःलाच कुत्री म्हणवून घेते, आणि तिथे पश्चात्ताप आहे. पण होमरच्याच ‘ओडिसी’तला, ओडिसियसचा कुत्रा आर्गोस? वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात आलेल्या धन्याला तो ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. इतकं हृद्य श्वानचित्र मला दुसरं आठवत नाही. तत्त्वज्ञ प्लेटो आदर्श राज्याच्या रक्षकांना जातिवंत कुत्र्याची उपमा देतो. तत्त्वज्ञ डायोजेनिसनं ‘कुत्रा’ हे नाव अभिमानानं मिरवलं, त्याच्या पंथाचं ‘सिनिक’ हे नावही याच शब्दावरून आलं.

बायबलातल्या शुभवर्तमानात मदत मागायला आलेल्या परक्या स्त्रीला येशू म्हणतो, की मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांपुढे टाकणं बरं नाही; तिथे तो ‘क्युनारिऑन’ (छोटा कुत्रा) हे लघुत्वदर्शक रूप वापरतो. त्यानं बोलण्याची धार थोडी कमी होते, जात नाही. तिचं उत्तर मात्र त्याच रूपावर उभं आहे: मेजाखालची कुत्रीही मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात.