नाण्यांच्या बाजारात ‘फाइन’ म्हणजे किती चांगलं?

निपाणीहून प्रश्न :

आजीच्या पेटीत पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये मिळाले. गावातल्या सराफांनी वाजवून, वजन करून ‘चांगले आहेत’ म्हणून सांगितलं. नाणी विकणाऱ्या एकाला फोटो पाठवले, तर तो म्हणाला, ‘जेमतेम फाइन आहेत, एखादा व्हीएफ.’ फाइन म्हणजे उत्तमच ना? मग ‘जेमतेम फाइन’ हे काय? आणि यूएनसी, एयूएनसी, बीयू ही अक्षरं कसली?

बेळगावहून उत्तर :

दोघंही खरंच बोलले आहेत, फक्त दोघांचं ‘चांगलं’ वेगळं आहे. सराफ चांदी आणि वजन बघतो. 1939 पर्यंतच्या रुपयात 91.7 टक्के चांदी आणि वजन 11.66 ग्रॅम, 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. वजन भरलं आणि खणखणीत वाजलं की त्याचं काम झालं. नाणी जमवणारा मात्र ठशाचा उठाव किती शिल्लक आहे ते बघतो.

ही झीज मोजायची शिडी इंग्रजीतून आली. खालून वर जायचं तर गुड, व्हेरी गुड (व्हीजी), फाइन, व्हेरी फाइन (व्हीएफ), एक्स्ट्रा फाइन, मग एयूएनसी (अबाउट अनसर्क्युलेटेड) आणि शेवटी यूएनसी (अनसर्क्युलेटेड). ‘गुड’ पार खाली आहे, हे पहिल्यांदा ध्यानात घ्या. गुड म्हणजे आकृतीची बाह्यरेषा तेवढी उरलेली, वर्ष कसंबसं वाचता येणारं नाणं. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 असे आकडे बसवले, तेच पुढे सगळीकडे रूढ झाले. त्यात फाइनला 12 ते 15, व्हेरी फाइनला 20 ते 35 आणि यूएनसीला 60 ते 70. सत्तरापैकी बारा म्हटल्यावर ‘जेमतेम फाइन’चा अर्थ आपोआप कळतो.

तुमचाच एक रुपया हातात घ्या, खिडकीपाशी या आणि राजाच्या अंगावरचा झगा बघा. त्यावर साखळी आहे आणि साखळीत एक बारका हत्ती आहे. मुकुटावरचे मणी, भुवई, कान आणि हा हत्ती हे भाग उठावाचे, म्हणून आधी झिजतात. हत्ती सोंडेसकट स्पष्ट असेल, मणी सुटे मोजता येत असतील, तर नाणं एक्स्ट्रा फाइनच्या आसपास. हत्ती ओळखू येतो पण सपाट झालाय, असं असेल तर व्हेरी फाइन. हत्तीच्या जागी नुसता उंचवटा राहिला असेल, तर फाइन किंवा त्याखाली. याच हत्तीची सोंड 1911 च्या रुपयावर इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाल्यावर बहुतेक रुपये वितळवले आणि 1912 पासून हत्ती नीट कोरला. म्हणून ‘पिग रुपी’ म्हणून कुणी विकायला आलं तर आधी वर्ष वाचा. झिजलेल्या हत्तीचं डुक्कर कुणालाही दिसू शकतं.

यूएनसी म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. डाग-ओरखडा नसलेलं, असा त्याचा अर्थ नाही. टांकसाळीच्या पोत्यात नाणी एकमेकांवर आपटतात, त्याच्या खुणा यूएनसीवरही असतात. खरी ओळख चमकेची. नाणं दिव्याखाली कलतं करून हळूहळू फिरवलं की उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ही चमक ठसा मारताना धातू दाबला जाऊन पसरतो त्यातून येते आणि एकदा गेली की परत येत नाही. बीयू म्हणजे ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड, ही मूळ चमक पुरती शिल्लक असलेलं यूएनसी. एयूएनसीत ती असते, फक्त सगळ्यात उंच टोकांवर किंचित घासलेली.

आणि हात जोडून सांगतो, ते रुपये चिंचेनं, राखेनं, पावडरीनं कशानंही घासू नका. दसरा-दिवाळीला पूजेसाठी म्हणून आपल्याकडे चांदीचे रुपये लख्ख करतात, भाव तिथंच पडतो. घासलेलं नाणं पांढरं दिसतं, पण ते उजेडाचे पट्टे फिरत नाहीत. परदेशी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अशा नाण्याला आकडा न देता ‘डिटेल्स’ एवढंच लिहितात.

‘प्रूफ’ हा शब्द या शिडीवर नाहीच. ती बनवायची पद्धत आहे : घासूनपुसून तयार केलेले ठसे आणि चकत्या, एकाहून जास्त वेळा दाबलेलं नाणं, आरशासारखी पार्श्वभूमी. ब्रिटिशकालीन नाण्याला कुणी प्रूफ म्हणालं तर ‘मूळ की रिस्ट्राइक?’ एवढं विचारा, कारण टांकसाळींनी जुनी नाणी संग्राहकांसाठी मागाहून पुन्हा पाडली होती.

खानापूरहून :

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला, हीच शिडी लावायची का? माझ्याकडची बरी दिसते, पण विक्रेता ‘व्हीजी’ म्हणतो.

बेळगावहून :

शिवराईला ही शिडी नुसती लावली तर अन्याय होतो. ती हातानं ठोकलेली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, त्यामुळं ‘श्री राजा शिव’मधली दोन अक्षरं बाहेर गेली तर ती झीज नव्हे, ती चकतीवर उतरलीच नव्हती. नाणं अजिबात फिरलेलं नसलं तरी अर्धंच दिसू शकतं. तिथं विचारायचं ते असं : अक्षरं किती आली, ‘छत्रपति’ची बाजू मधोमध बसली का, आणि जी अक्षरं आली त्यांच्या कडा धारदार आहेत का. तुमच्या खानापूरजवळच्या हलशीच्या, म्हणजे गोव्याच्या कदंब राजांच्या, सिंहाचा छाप असलेल्या सोन्याच्या नाण्यांनाही हाच न्याय. सिंह पुरा आलाय का, हे आधी.

निपाणीहून :

एका रुपयाच्या कडेला, बरोबर मुकुटावर, बारका फुगवटा आहे. तो काय?

बेळगावहून :

तो बहुतेक माळेतला रुपया. कडी जोडली होती, पुढं कुणीतरी काढून कड घासली. विक्रेते याला ‘एक्स-माउंट’ म्हणतात, आणि काही जण ते लिहीतच नाहीत. समोरून काढलेल्या फोटोत हे लपतं, म्हणून विकत घेताना कडेचा फोटो वेगळा मागायचा, पूर्ण फेरीचा. विकताना तुम्हीही तो स्वतःहून द्या. आजीनं गळ्यात घातलेला असेल, तर तो एक रुपया मात्र विकू नका असं मला वाटतं.