मदत हवी आहे: व्हिंटेज रेसिंगचा खरा खर्च कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत हौशी व्हिंटेज रेसिंग, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यती, करणाऱ्यांकडून खर्चाचे आकडे हवे आहेत. गाडी १२७५ सीसीची एमजी मिजेट, म्हणजे जुनी छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. वजन ७०० किलोच्या आसपास, त्यामुळे टायर आणि ब्रेक पॅड बरेच टिकतात. पैसा खातं ते इंजिन. लांब वळणात संपमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतलं) तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. म्हणून बॅफल (तेल सरकू न देणारे आडवे पडदे) असलेला संप घ्यायचाच आहे. चिकट टायरवर मूळचे हाफ-शाफ्ट (मागची चाकं फिरवणारे दांडे) तुटतात, तेही मजबूत बसवायचे.

रेव्ह लिमिट (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची मर्यादा) ६,५०० ठेवली तर दोन रिबिल्डच्या (इंजिन उघडून पुन्हा बांधण्याच्या) मधे ट्रॅकवरचे किती तास मिळतात? ७,५०० ला किती? सगळा हिशोब यावरच अडलाय.

सुरक्षा मानकांपैकी एसएफआय १६.१ चे सीट बेल्ट २ वर्षांत बाद होतात, एफआयए ८८५३ चे ५ वर्षं चालतात. तुम्ही कोणते घेता?

शेवटी, एका वीकेंडची एंट्री फी, पेट्रोल, ट्रेलर आणि रिबिल्डसाठी बाजूला काढलेली रक्कम, असं वेगवेगळं कळवाल का?